मण्यांचा गोफ : चार विणी



गोव्यात शिगम्याच्या दिवसांत गोफ खेळतात, तो आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. वर मध्यभागी टांगलेल्या रंगीत दोऱ्या हातात धरून खेळणारे एकमेकांच्या आतून-बाहेरून नाचत जातात आणि पाहता पाहता दोऱ्यांची वेणी तयार होते. मग तीच मंडळी उलट्या क्रमाने नाचतात आणि गोफ सुटतो. लहानपणी मला विणण्यापेक्षा सुटण्याचीच गंमत अधिक वाटायची. पुढे मण्यांचे काम हाती घेतले तेव्हा कळले, की ती गंमत पोरवयाची नव्हती. वस्तू सुटते कशी हे ज्याला ठाऊक नाही, त्याला ती विणली कशी हेही पुरते ठाऊक नसते.

आज मी बोलणार आहे ते मण्यांच्या गोफाविषयी. गोफ म्हणजे बारीक मणी आणि दोरा यांचीच विणलेली गोल दोरी. पेन्सिलीएवढी जाड, कधी त्याहून बारीक. गळ्यात घालता येते, मनगटाला बांधता येते. आपल्याकडे मण्यांचे काम नवे नाही. दारावरचे तोरण, रुखवतात मांडायच्या वस्तू, देवघरातली आसने हे सगळे आपल्या आया-आज्यांनी केलेले आहे. परंतु ते काम बहुतेक सपाट. आणि गळ्यातले म्हटले की आपल्याला आठवतो तो सर. एका दोऱ्यात ओवलेल्या मण्यांचा. सर तुटला की काय होते ते मी सांगायला नको. मणी घरभर, आणि मग महिनाभर केरसुणीत एकेक मणी सापडत राहतो. गोफाचे तसे होत नाही, असे विकणारे सांगतात. ते अर्धेच खरे आहे. होते की नाही हे वीण कोणती यावर अवलंबून आहे.

गोफाच्या विणी पुष्कळ आहेत. त्यांतल्या चार मी स्वतः केल्या आणि मुलींना शिकवल्या, तेवढ्यांबद्दलच बोलते. नमुना पाहून वीण निवडू नये, असे माझे मत झाले आहे. नमुना कुठल्याही विणीत सुंदरच दिसतो. पाहावे ते हे, की दोरा मण्यातून किती वेळा जातो आणि चूक झाली तर ती कशी निस्तरता येते. शिक्षकांनी तर दुसरी गोष्ट आधी पाहावी. तसे न केल्याने माझ्या हातून एक चूक घडली, ती पुढे सांगेन.

आधी मण्यांविषयी थोडे. बारीक काचमणी नंबरावर मिळतात, आणि आकडा जितका मोठा तितका मणी लहान. ११ नंबरचा मणी साधारण दोन मिलिमीटरचा, ८ नंबरचा तीन मिलिमीटरचा. शिकणाऱ्याने ८ नंबरनेच आरंभ करावा. बाहेरचे मणी येतात ते मुख्यतः झेक देशातल्या याब्लोनेत्स गावाकडून आणि जपानातून. आपल्या देशातही काचमणी होतात. उत्तर प्रदेशात पुरदिलनगर आणि आंध्रात तिरुपतीजवळचे पापानायडूपेट ही गावे त्यासाठी प्रसिद्ध आहेत. आपले मणी स्वस्त, पण सगळे एकसारखे नसतात. एक जाड, एक चपटा, एकाचे भोक इतके बारीक की सुई अडते. यात निराश होण्याचे कारण नाही. घोंगडीचा तुकडा पसरावा, त्यावर मूठभर मणी ओतावे, म्हणजे ते घरंगळत नाहीत, आणि सुईच्या टोकाने निवडावे. तांदूळ निवडणाऱ्या हाताला हे काम शिकवावे लागत नाही. निवडून बाजूला काढलेले मणीही टाकू नयेत. त्यांचा उपयोग कुठे होतो ते आता पहिल्याच विणीत येईल.

ही पहिली वीण म्हणजे मळसूत्री गोफ. यात मधे एक कणा असतो आणि कण्याभोवती मण्यांचे तुरे मळसूत्रासारखे फिरत वर चढतात. कण्याचे मणी एका रंगाचे घ्या, बाहेरचे दुसऱ्या. सुईत प्रथम कण्याचे चार मणी आणि बाहेरचे तीन ओवा. आता सुई परत त्या कण्याच्या चारही मण्यांतून खालून वर काढा. बाहेरच्या तीन मण्यांची एक कमान कण्याच्या अंगाला बसेल. ती डाव्या हाताला सारा. मग कण्याचा एकच नवा मणी आणि बाहेरचे तीन ओवा. सुई कण्याच्या वरच्या तीन जुन्या मण्यांतून आणि त्या नव्या चौथ्यातून वर काढा. दुसरी कमान पहिलीच्या शेजारी येईल, तीही डाव्या हाताला सारा. झाले. पुढे सगळे हेच. एक कण्याचा, तीन बाहेरचे, चारांतून वर, डावीकडे सारा. एवढे चार शब्द मुलींनी पाठ केले की त्या बोलत बोलत विणतात. एखादी कमान चुकून उजवीकडे गेली तर मळसूत्र तिथेच बिघडलेले दिसते, आणि तेवढाच टाका उसवून पुढे जाता येते.

आता दोरा मोजा. कण्याचा एकेक मणी ओवताना एकदा, त्याच टाक्यात दुसऱ्यांदा, आणि पुढच्या तीन टाक्यांत तीनदा, असा एका मण्यातून दोरा पाच वेळा जातो. म्हणून कण्यासाठी मोठ्या भोकाचे मणीच घ्यायचे. बाहेरच्या मण्यांतून मात्र दोरा एकदाच जातो. तेव्हा ते थोडे लहानमोठे असले तरी चालतात. उलट तीनांत मधला मणी जरा मोठा असला तर कमान शोभते. आणि एखादी कमान कुठे अडकून तुटलीच, तर ते तीन मणी जातील. गोफ जागचा हलणार नाही, कारण कण्यात आणखी पदर आहेत. धाकट्या मुलांच्या गळ्यात घालायचा असेल तर मी हाच विणून देते.

शिक्षकांना एक सुचवते. वर्गात पंचवीस-तीस मुले असली तर दोन मिलिमीटरचा मणी मागच्या बाकावर दिसत नाही. पपईच्या पानाचा देठ पोकळ असतो. त्याचे बोटभर लांबीचे तुकडे करा, आदल्या दिवशी कापून चीक वाळू द्या, आणि दाभणात सुतळी घालून हाच टाका फळ्यासमोर उभे राहून दाखवा. अर्धे तुकडे हळदीच्या पाण्यात रंगवले की कणा कोणता आणि कमान कोणती ते शेवटच्या बाकावरूनही कळते. कार्यानुभवाच्या तासाला एवढे साहित्य पुरे.

दुसरी वीण जोडमण्यांची. इंग्रजीत हिला हेरिंग माशाच्या काट्यावरून हेरिंगबोन म्हणतात. दक्षिण आफ्रिकेतल्या न्देबेले स्त्रियांचे मणीकाम जगभर नावाजलेले आहे. त्यांच्यावरून या विणीला न्देबेले वीण असेही नाव पडले. हिच्यात मणी एकेक न चढता जोडीने चढतात, आणि प्रत्येक जोडी कौलांच्या पाख्यासारखी दोन बाजूंना कलते. आरंभाला सहा मणी एकमेकांशेजारी उभे करून दोऱ्याने शिडीसारखे जोडायचे, आणि शिडीची दोन टोके जोडून वळे करायचे. या सहा मण्यांच्या तीन जोड्या. एका मण्याच्या डोक्यातून दोरा वर आलेला आहे. दोन मणी ओवा, जोडीतल्या शेजारच्या मण्यात सुई खाली घाला, आणि पुढच्या जोडीच्या पहिल्या मण्यातून वर काढा. असे तीन वेळा केले की फेर पुरा झाला. फेराच्या शेवटी सुई खालच्या मण्यातून वर आली की तिथेच थांबायचे नाही. याच फेरात घातलेल्या पहिल्या मण्यातूनही ती वर काढायची. याला मी पायरी चढणे म्हणते. ही पायरी विसरली की पुढचा सगळा फेर तिरपा जातो.

पहिले चार-पाच फेर या गोफाला रूप येत नाही. मुली म्हणतात, बाई, हे काहीच दिसत नाही. त्यांना सांगावे की एक पेरभर तरी विणा, मग बोला. एकदा अंग धरले की हा गोफ चारांत सगळ्यांत मऊ. गळ्यात घातला की पाण्यासारखा उतरतो. एका टाक्यात दोन मणी चढत असल्यामुळे काम भरभर सरते. दोरा प्रत्येक मण्यातून दोनदा जातो. मणी थोडे कमीजास्त असले तर वीण ते पोटात घेते.

तिसरी वीण एकाआड एक मण्याची. हिचे इंग्रजी नाव पियोट. पियोट हा एक निवडुंग. उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या एका धर्मपंथाच्या विधीत त्याला स्थान आहे, आणि त्या विधीतले खुळखुळे, पिसांच्या पंख्यांच्या मुठी या विणीने मण्यांत मढवीत, म्हणून तेच नाव विणीला चिकटले. नावाची ही कथा मी उगाच सांगत नाही. ही वीण मुठीवर, दांडीवर, कशावर तरी मढवण्याच्या कामी आली, आणि तो स्वभाव तिने सोडलेला नाही. आत काही आधार असला की ती ऐटीत उभी राहते.

बारा मण्यांचे वळे पेन्सिलीवर चढवा. एक मणी ओवा, वळ्यातला एक सोडा, त्यापुढच्यातून सुई काढा. पुन्हा एक ओवा, एक सोडा, पुढच्यातून काढा. सहा मणी बसले की फेर संपला, आणि इथेही पायरी चढायची, म्हणजे याच फेराच्या पहिल्या मण्यातून सुई काढायची. पायरीचा कंटाळा असेल तर वळे बाराऐवजी अकरा किंवा तेरा मण्यांचे घ्या. विषम संख्या घेतली की फेर कधी संपतच नाही, वीण आपोआप मळसूत्रासारखी वर चढत जाते. गणित शिकवणाऱ्याने हे मुलांना करून दाखवावे आणि असे का होते ते मुलांनाच शोधू द्यावे.

या विणीत मणी विटांच्या भिंतीसारखे सांधेमोड करून घट्ट बसतात. त्यामुळे नक्षी, अक्षरे, वेलबुट्टी काढावी ती हिच्यातच. पण विटा सारख्या नसल्या तर भिंत वाकडी व्हायचीच. निवडून निवडून डोळे शिणतात. जपानात १९८२ सालापासून नळीच्या तुकड्यासारखे अगदी एका मापाचे मणी निघाले, त्यांनी हे काम सोपे केले. मात्र ते महाग पडतात. पेन्सिल काढून घेतल्यावर गोफ पोकळ राहतो, आणि जाड असला तर वाकवताना दबतो. म्हणून आत सुताची दोरी घालावी लागते. हा ताठ गोफ आहे. मनगटाला छान, गळ्याला थोडा जड.

उसवायची वेळ आली तर या विणीत एक पथ्य पाळा. सुई आल्या वाटेने परत घालू नका. ती दोऱ्याच्याच पिळातून आरपार जाते, आणि मग तो दोरा ना पुढे ना मागे. सुई दोऱ्यातून काढून घ्या, आणि तिच्या टोकाने एकेक फेरा ओढून सोडवा.

चौथी वीण क्रोशाची. ही माझी सर्वांत आवडती, आणि हिच्याच बाबतीत मी चुकले.

इतर तीन विणींत मणी विणता विणता घ्यायचा असतो. क्रोशाच्या गोफात सगळे मणी आधी दोऱ्यात ओवून ठेवावे लागतात. मग क्रोशाच्या सुईने सहा मण्यांचे वळे करायचे आणि गोल गोल विणत जायचे. खालच्या मण्याच्या दोऱ्याखालून सुई घालायची, तो मणी सुईच्या उजव्या अंगाला सारायचा, नवा मणी ओढून त्याच्या डोक्यावर आणायचा, आणि दोरा दोन्ही फासांतून ओढून काढायचा. फेर संपत नाही, पायरी नाही. हात बसला की डोळे मिटूनही होते. गोफ असा गोल आणि नितळ येतो की साप हातात धरल्यासारखे वाटते.

सापाची उपमा माझी नव्हे. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी पकडलेले तुर्की सैनिक इजिप्तमध्ये आणि सायप्रस बेटावर कैदेच्या छावण्यांत होते. दिवस जाता जात नसत, आणि चार पैसे मिळवायची सोय हवी होती. त्या सैनिकांनी मण्यांचे साप विणले, ते याच क्रोशाच्या विणीने. हातभर, दोन हात लांब साप; काहींच्या पोटावर इंग्रजी अक्षरांत ‘तुर्की कैदी’ असे विणलेले आणि १९१७, १९१८ असे साल. पहारेकरी सोजीर ते आठवण म्हणून विकत घेत. आजही युरोपातल्या कित्येक संग्रहांत ते आहेत. जाता जाता सांगते, याच युद्धात १९१६ साली इराकातल्या कूत येथे जी फौज तुर्कांना शरण गेली, तिच्यात मराठा पलटणींचे जवान होते. म्हणजे आपली माणसे त्यांच्या कैदेत, त्यांची माणसे इंग्रजांच्या.

ती अक्षरे विणणे किती अवघड, याचा विचार करा. जो मणी शेवटी ओवला तो सर्वांत आधी विणला जातो. म्हणजे सारे लिखाण उलट्या क्रमाने, एकेक मणी मोजून, आधी दोऱ्यात ओवायचे, आणि चूक झाली की नाही हे कळायचे ते हातभर विणून झाल्यावर.

आमच्या वर्गातही तेच झाले. मी तेव्हा एका तालुक्याच्या गावी शिकवत होते. क्रोशाचा गोफ मी नुकताच शिकले होते आणि त्याच्या नादात होते. आठवीच्या सगळ्या मुलींना तोच शिकवायचा असे ठरवले. नमुना अगदी सोपा, पाच काळे आणि एक सोनेरी. फेर सहाचा आणि ओवणीही सहाची, म्हणून सोनेरी मण्यावर सोनेरी मणी येतो आणि गोफावर सोन्याची एक रेघ उठते. तीच ओवणी सातची केली तर रेघ दर फेराला एक घर सरकते आणि गोफाभोवती गुंडाळत जाते. ओवून आणायचे काम घरी दिले होते.

एका मुलीच्या गोफाची रेघ वीतभर सरळ गेली आणि एकाएकी एक घर बाजूला सरली. मी मोजून पाहिले. एके ठिकाणी पाचाऐवजी सहा काळे ओवले गेले होते. मी म्हटले, उसव. तिने उसवले. पण चूक विणीत नव्हती, ओवणीत होती. उसवून ती जाणार कशी? मग मी म्हटले, दोरा काप आणि पुढचे सगळे मणी पुन्हा ओव. ती गप्प उभी राहिली. तास संपल्यावर जवळ येऊन हळूच म्हणाली, “बाई, रात्री आईनं ओवून दिलंय. दिवसा ती रानात असते. तिला चूक झाली म्हणून कळवू नका.”

मी कळवले नाही. पण पुन्हा ओवायलाच सांगितले. शिस्त म्हणून. पुढच्या तासाला तिने डबा आणला नाही, त्याच्या पुढच्यालाही नाही, आणि वर्ष संपेपर्यंत ती हस्तकलेच्या तासाला मागच्या बाकावर बसून नुसती पाहत राहिली. परीक्षेच्या वेळी तिने डबा माझ्या टेबलावर ठेवला आणि गेली. तो अजून माझ्याजवळ आहे. चूक होती तिथपर्यंत उसवलेला गोफ, आणि तो जास्तीचा काळा मणी दोऱ्याच्या तोंडाशी.

तीन-चार वर्षांनी एका अनुभवी बाईंकडून मला कळले, की जास्त मणी ओवला गेला तर दोरा कापायचा नसतो. मण्याच्या भोकात जाडसर सुई दाबून मणी आतून फोडायचा, म्हणजे दोऱ्याला धक्का लागत नाही. वर फडके धरायचे, काचेचा कण डोळ्यात जाऊ नये म्हणून. एका मिनिटाचे काम. मणी कमी पडला असेल तर मात्र फोडून भागत नाही. तिथे विणताना मण्यावाचून एक टाका घ्यायचा आणि नंतर साध्या सुईने त्या जागी मणी टाचून द्यायचा. जवळून पाहिल्याशिवाय ओळखू येत नाही.

हे मला त्या वर्षी ठाऊक असते तर काय झाले असते, ते सोडा. ठाऊक नव्हते तर ती वीण मी तीस मुलींच्या वर्गात न्यायला नको होती. जिथे चूक आधी होते आणि उशिरा दिसते ते काम नवशिक्याला देऊ नये. तेव्हापासून मी वर्गात आरंभ मळसूत्री गोफाने करते. तिथे चूक त्याच टाक्यात दिसते. मग जोडमण्यांची वीण. क्रोशा ज्याला हवा त्याने मागून शिकावा. आणि ओवणी वर्गातच, उजेडात, दोघींनी मिळून करावी. एकीने ओवावे, दुसरीने मोजावे.

आता ज्या भगिनी हे काम विकण्यासाठी करू इच्छितात, त्यांच्यासाठी दोन शब्द. ११ नंबरच्या मण्यांचा वीतभर गोफ विणायला माझ्या हाताला मळसूत्रीचे दोन तास लागतात, जोडमण्यांच्या विणीचे तीन, आणि एकाआड एकचे पाच. क्रोशाचे विणणे तीन तासांत होते, पण ओवणीचे दोन तास वेगळे. आपला हात कमीजास्त भरभर असेल, पण हे प्रमाण साधारण असेच राहील. माझ्या माहितीतल्या एका बचत गटाला एका व्यापाऱ्याने मागणी दिली. भाव ठरला लांबीवर, वीण कोणती याचा उल्लेखच नाही. बायकांनी नमुना पाहून एकाआड एक विणीचा गोफ घेतला, कारण तो घट्ट आणि भारी दिसतो. महिनाभर रात्री जागून काम पुरे केले, आणि हिशेब केला तेव्हा तासाला मिळालेले पैसे शेतमजुरीच्या निम्मेही नव्हते. व्यापाऱ्याने फसवले असे मी म्हणणार नाही. त्याने लांबी मागितली, यांनी तास दिले. तेव्हा मागणी घेण्याआधी चार बोटे गोफ स्वतः विणून पाहावा, घड्याळ लावून. त्यातच मणी मोजावे आणि पुऱ्या लांबीचा हिशेब गुणाकाराने काढावा. भाव मग सांगावा.

दोऱ्याविषयी लोक विचारतात. सुती दोरा मेण लावून घेतला तरी काचेच्या कडा तो हळूहळू कापतात. सर असो वा गोफ, पहिल्यांदा झिजतो तो दोराच. सुईच्या तिन्ही विणींना बारीक नायलॉनचा दोरा घ्यावा. क्रोशाला मात्र थोडा जाड आणि पीळ सुटणार नाही असा हवा. तिथे मण्यातून दोरा एकदाच जातो. म्हणून भोकात मावेल तेवढा जाडच घ्यावा. उलट मळसूत्री कण्यात पाच पदर मावायचे असतात, म्हणून तिथे बारीकच हवा. एका वेळी एक वावेपेक्षा लांब दोरा घेऊ नये. गुंता होतो आणि गुंत्यात माणसाचा स्वभाव बिघडतो. दोरा संपत आला की नवा दोरा चार-सहा मणी मागून विणीतूनच फिरवत आणावा, गाठ वर दिसू देऊ नये.

आणि गोफाची दोन टोके. बाजारात धातूच्या टोप्या आणि कड्या मिळतात, त्या घालाव्यात. नाहीतर गळ्यातल्याच्या मागे पटवेकरी जो दोरा आणि सरकती गाठ करून देतात, ती मागून घ्यावी. ती मानेला टोचत नाही आणि लांबी हवी तेवढी करता येते. गोफ पटवेकऱ्याकडे द्यायच्या आधी दोन्ही टोकांना वीतभर दोरा सोडून ठेवा. तो कापून टाकला तर टोक धरायला त्याच्या हातात काही राहत नाही.